शितावरून भाताची परीक्षा : चूल, वाफ आणि सूक्ष्मतरंग

तमिळ पंचांगातील तै महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे जानेवारीचा मध्य, हा कावेरीच्या खोऱ्यात पोंगलचा सण असतो. तंजावर परिसरातील घरांपुढे त्या दिवशी उघड्यावर चूल मांडतात, तीवर नवे मडके ठेवतात आणि त्यात दूध, नवा तांदूळ व गूळ शिजवितात. दूध उतू जाईपर्यंत सर्व मंडळी मडक्याभोवती उभी असतात. उतू जाणे हाच शुभशकुन असल्यामुळे तेथे घाई कोणालाच नसते.

त्याच गावातील एखाद्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात जाणारी गृहिणी सूक्ष्मतरंग भट्टीचे दार उघडते. बोलण्यात या भट्टीस आपण 'मायक्रोवेव्ह' असेच म्हणतो. तीत शीतकपाटातील भाताचे भांडे ठेवून गृहिणी कळ दाबते, आणि दीड-दोन मिनिटांत भातातून वाफा येऊ लागतात. हे पाहून घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "लवकर होते खरे, पण चुलीवरच्या भाताची चव त्यास नाही." तरुण मंडळी म्हणतात, "चव म्हणजे निव्वळ सवय." या वादात खरे कोणाचे, हे ठरविण्यासाठी अन्न शिजते म्हणजे नेमके काय होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. तंजावर हा तांदळाचा मुलूख असल्यामुळे उदाहरणादाखल आपण तांदळाचा दाणाच घेऊ.

तीन वेगवेगळे वेळ

अन्न शिजण्यास वेळ लागतो असे आपण सहज म्हणतो. परंतु हा वेळ एकजिनसी नसतो. त्यात तीन निरनिराळे वेळ मिसळलेले असतात.

पहिला वेळ उष्णता पोहोचण्याचा. चुलीची आच भांड्यास लागते, भांड्यातून पाण्यास मिळते आणि पाण्यातून पदार्थाच्या पृष्ठभागावर येते. तेथून आतल्या गाभ्यापर्यंत ती केवळ वहनाने, म्हणजे एका थरातून दुसऱ्या थरात अशी सरकत जाते. ही चाल मंद असते. बटाट्याची जाडी दुप्पट असेल तर त्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचण्यास दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट वेळ लागतो. भाजी बारीक चिरण्याचे मर्म यातच आहे.

दुसरा वेळ पाणी मुरण्याचा. तांदळाच्या कोरड्या दाण्यात शंभर भागांत सुमारे बारा ते चौदा भाग पाणी असते. शिजलेल्या भातात ते साठ-सत्तर भागांपर्यंत जाते. एवढे पाणी टणक दाण्याच्या मध्यापर्यंत शिरण्यास वेळ लागणारच. डाळ, तांदूळ व कडधान्ये आपण आधी भिजत घालतो ती याचसाठी.

तिसरा वेळ पदार्थात पालट घडण्याचा. तांदळातील पिष्टाचे कण पाण्याच्या सान्निध्यात ५५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, तांदळाच्या जातीनुसार, फुगतात व लुसलुशीत होतात. शास्त्रज्ञ याला पिष्टाचे श्लेषीभवन म्हणतात. आपण म्हणतो, शीत शिजले. डाळीतील टणक बंध सैल होणे, प्रथिने गोठणे, पोळीवर तांबूस डाग पडणे हे सारे याच तिसऱ्या वर्गातील पालट होत. हे पालट मुख्यतः तापमानावर अवलंबून असतात. पुष्कळशा रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले असता साधारण दुप्पट होतो. दाबपात्रात, म्हणजे आपल्या प्रेशर कुकरमध्ये, पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. म्हणूनच उघड्या पातेल्यात पाऊण तास घेणारी डाळ त्यात दहा-बारा मिनिटांत मऊ होते. दाबाखाली वाफ कोंडण्याची ही युक्ती दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली प्रथम सिद्ध केली.

कोणत्याही नव्या भट्टीची परीक्षा करताना आपण एकच प्रश्न विचारावयाचा : या तिन्ही वेळांपैकी कोणता वेळ ती कमी करते?

रडारमधून स्वयंपाकघरात

दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने दुरून ओळखण्यासाठी रडार यंत्राची फार निकड होती. १९४० साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल व हॅरी बूट यांनी कोटरयुक्त मॅग्नेट्रॉन ही नळी तयार केली. तिच्यातून आखूड लांबीचे व अतिशय प्रबळ विद्युत्-चुंबकीय तरंग निघत. अमेरिकेतील रेथिऑन कारखान्यात अशाच नळ्यांवर काम करीत असता १९४५ साली पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील चॉकलेटची वडी वितळली. स्पेन्सर यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. मक्याचे दाणे नळीसमोर धरले तर ते फुटून लाह्या झाल्या. १९४७ साली विक्रीस आलेली पहिली भट्टी माणसाच्या उंचीची असून तिचे वजन साडेतीनशे किलोग्रॅमच्या घरात होते. ओट्यावर मावेल अशी घरगुती भट्टी अमेरिकेत १९६७ साली बाजारात आली.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. 'सूक्ष्मतरंग' या नावावरून हे तरंग डोळ्यांस न दिसण्याइतके बारीक असावेत असा समज होतो. वस्तुतः घरगुती भट्टीतील तरंगाची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणजे चांगली वीतभर नसली तरी चार-पाच बोटांहून अधिक भरते. आकाशवाणीच्या शेकडो मीटर लांबीच्या तरंगांशी तुलना करूनच यांस 'सूक्ष्म' म्हटले आहे. प्रकाशाच्या तरंगांपुढे ते अजस्रच होत.

भट्टीत हे तरंग सेकंदास सुमारे २४५ कोटी कंपने या गतीने आंदोलत असतात. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन व दुसरी किंचित ऋण विद्युत्भारित असते. बाहेरील विद्युत्क्षेत्राची दिशा सतत पालटत राहिल्यामुळे हे रेणू वळण्याची धडपड करतात, शेजारच्या रेणूंवर आदळतात, आणि त्या झटापटीतून उष्णता निर्माण होते. तरंग अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटर खोलवर शिरतात, त्यामुळे तेवढ्या थरात उष्णता जागच्या जागीच उत्पन्न होते. "ही भट्टी पदार्थ आतून बाहेर शिजविते" असे जे म्हणतात ते मात्र खरे नव्हे. मोठ्या गोळ्याचा गाभा येथेही वहनानेच तापतो.

थोडक्यात, ही भट्टी पहिला वेळ कमी करते, आणि पदार्थ लहान व पाणीदार असेल तर फारच कमी करते. दुसऱ्या व तिसऱ्या वेळावर तिची सत्ता चालत नाही. कोरडा तांदूळ व पाणी भांड्यात घालून भट्टीत ठेवले तर पाणी लवकर उकळेल. पण दाण्यात पाणी मुरण्यास जी पंधरा-वीस मिनिटे लागावयाची ती लागणारच. भात गरम करण्यात ही भट्टी चुलीला सहज मागे टाकते, परंतु भात शिजविण्यात दोघींची धाव जवळजवळ बरोबरीची होते.

थोडे गणित

एक लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे २९३ किलोज्यूल ऊर्जा लागते. भट्टी अन्नास ८०० वॅट शक्ती देत असेल तर यास ३६६ सेकंद, म्हणजे सहा मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागेल. एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी सुमारे ७३ सेकंदांत उकळेल. उलट चार लिटरांस चोवीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल. भट्टीची शक्ती ठराविक असल्यामुळे अन्न जितके अधिक तितका वेळही त्याच प्रमाणात वाढत जातो. चुलीचे तसे नाही. मोठ्या भांड्याखाली मोठा जाळ घालता येतो. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळी वाटसरूंसाठी अन्नछत्रे चालत. तेथे शेकडो माणसांचा भात ज्या हंड्यांत शिजे, त्यांचे काम सूक्ष्मतरंग भट्टीच्या आवाक्यातील नव्हे. एकट्या-दुकट्याच्या जेवणास ती सोयीची. पंगतीस चूल व वाफच हवी.

म्हण जेथे थांबते

'शितावरून भाताची परीक्षा' ही आपली जुनी म्हण. पाण्यात खदखदणाऱ्या तपेलीच्या बाबतीत ती शास्त्रशुद्धच आहे. उकळते पाणी सतत खालीवर होत असल्याने भांड्यातील प्रत्येक दाण्यास जवळजवळ सारखेच तापमान मिळते. एक शीत बोटाने चेपले की साऱ्या भाताचा अंदाज येतो.

सूक्ष्मतरंग भट्टीत मात्र ही म्हण लागू पडत नाही. धातूच्या भिंतींवरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळतात. काही जागी त्यांचा जोर वाढतो, तर काही जागी तो जवळजवळ शून्य होतो. तबकडी फिरती ठेवतात ती याचकरिता. तरीही विषमता पुरती जात नाही. कडेचा भात जीभ पोळेल इतका तापतो आणि मधला गारच राहतो. गोठलेल्या अन्नात ही अडचण अधिकच वाढते. बर्फातील रेणू जखडलेले असल्यामुळे ते सूक्ष्मतरंग फारसे शोषीत नाहीत. जो भाग आधी वितळतो तोच पुढे भराभर तापत जातो.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. तान्ह्या मुलाची दुधाची बाटली या भट्टीत तापविली असता बाटली बाहेरून कोमट लागते, पण आतील दुधाचा एखादा भाग कढत असू शकतो. म्हणून बाळाचे दूध या भट्टीत तापवूच नये; बाटली कढत पाण्यात धरून तापवावी. शिळ्या भाताविषयीही असेच सावध राहिले पाहिजे. 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जंतूंची बीजुके भात शिजला तरी मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ती रुजतात आणि त्यांपासून होणाऱ्या जंतूंची काही विषे पुन्हा तापविल्यानेही नष्ट होत नाहीत. यासाठी उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून शीतकपाटात ठेवावा. गरम करताना मध्येच ढवळावा, झाकण ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटे मुरू द्यावा. मुरण्याच्या या अवधीत उष्णता कडेकडून मध्याकडे सरकते. तापविल्यानंतर मात्र परीक्षा एका शितावरून करू नये, चार ठिकाणची शिते पाहावीत.

खमंग म्हणजे काय?

चवीच्या वादात वडीलधाऱ्यांची बाजू कोठे खरी ठरते, ते आता पाहू. मराठीत 'खमंग' हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. भाजलेल्या पोळीचा, परतलेल्या रव्याचा, तव्यावरील दोशाच्या कडेचा जो वास, त्यास आपण खमंग म्हणतो. १९१२ साली लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने शर्करा व प्रथिनांतील अमिनो अम्ले यांच्या संयोगाचे वर्णन केले. या खमंगपणाचे मूळ बव्हंशी त्या क्रियेत आहे. ती झपाट्याने होण्यास सुमारे १४० अंश किंवा त्याहून अधिक तापमान लागते. ओल्या पदार्थातील पाणी संपेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांपुढे जात नाही. तव्यावर पृष्ठभाग चटकन कोरडा होऊन ही मर्यादा ओलांडतो. सूक्ष्मतरंग भट्टीतील हवा मात्र थंड असते आणि पदार्थाच्या पृष्ठभागावर आतून आलेली वाफ जमते. यामुळे तेथे दोसा तांबूस होत नाही व पोळी आधी मऊ, मग चिवट होते. फोडणीचेही तसेच. तेलाचे रेणू हे तरंग फार थोडे शोषतात, त्यामुळे मोहरी तडतडण्याइतके तेल तेथे सहजासहजी तापत नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाने 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा तंजावरच्या राजपाकशाळेचा ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. अशा जुन्या पाकपरंपरेतील भाजणे, तळणे व परतणे या क्रियांना कोरडी, प्रखर आच हवी. ती चूल देते, सूक्ष्मतरंग देत नाहीत.

पोषणाच्या बाबतीत मात्र पारडे तरुणांकडे झुकते. भाजीतील 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते व पाण्यात विरघळून जाते. भरपूर पाण्यात भाजी उकडून ते पाणी ओतून दिले तर पुष्कळ नुकसान होते. थोड्या पाण्यात व थोड्या वेळात शिजविली तर कमी होते. सूक्ष्मतरंग भट्टीत हे दोन्ही साधते. या तरंगांमुळे अन्न किरणोत्सर्गी होते, ही समजूत निराधार आहे. रेणूंमधील बंध तोडण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या अगदी अल्पशा अंशाएवढीच ऊर्जा या तरंगांच्या एकेका कणात असते. दारावरील धातूच्या जाळीची छिद्रे तरंगाच्या लांबीच्या मानाने अगदी बारीक असल्यामुळे प्रकाश बाहेर येतो, तरंग येत नाहीत. दार अथवा जाळी बिघडलेली भट्टी मात्र वापरू नये.

तंजावरचा धडा : उकडा तांदूळ

'सावकाश ते चांगले, झटपट ते वाईट' असा नियमच आहे काय? या प्रश्नाचे उत्तर तंजावरच्याच भूमीत मिळते. कोकणाप्रमाणे तेथेही उकडा तांदूळ खाण्याची पद्धत आहे. साळ टरफलासह भिजवावयाची, वाफवावयाची, वाळवावयाची आणि मग सडावयाची. या क्रियेत कोंड्यालगतची जीवनसत्त्वे दाण्यात आत मुरतात आणि दाण्यातील भेगा सांधल्या जाऊन कणी कमी पडते. जावा बेटावर १८९० नंतरच्या दशकात क्रिस्तियान आइकमन यांना असे आढळले, की सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांस बेरीबेरीसारखा रोग होतो. या कार्याबद्दल त्यांस १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जुन्या मद्रास इलाख्यात बेरीबेरीचा जोर उत्तरेच्या तेलुगू किनाऱ्यावर, जेथे यंत्रावर सडलेला कच्चा तांदूळ खात, तेथे होता; उकडा तांदूळ खाणाऱ्या दक्षिण भागात तो रोग विरळा असे. कुन्नूर येथील पोषण-संशोधनशाळेत ॲक्रॉइड व त्यांचे सहकारी यांनी यामागील ब-१ जीवनसत्त्वाचे कारण उलगडून दाखविले.

हा गुण ज्या जुन्या रीतीने मिळे ती अतिशय मंद होती. साळ थंड पाण्यात एक ते तीन दिवस भिजत ठेवीत. तेवढ्यात पाणी आंबे आणि तांदळास उग्र दर्प येई. मंद रीतीनेच येथे प्रत बिघडत होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (स्थापना १९५०) सुमारे ७० अंशांच्या ऊन पाण्यात साळ भिजविण्याची रीत प्रचारात आणली. यामुळे काही दिवसांचे काम तीन-चार तासांवर आले आणि दर्पही गेला.

कावेरीच्या खोऱ्यात आणखी एक संकट होते. कुरुवै नावाचे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीस येते, आणि तेव्हाच ईशान्य मोसमी पावसाची चाहूल लागते. ओली साळ सुकविण्यास ऊन नसे. ढिगात ती तापे, तिला मोड येत, बुरशी धरे. वर्षभराच्या कष्टाचे मोल चार दिवसांत उतरे. या प्रश्नासाठी तिरुवारूर येथील तंजावर सहकारी पणन महासंघाच्या भातगिरणीत १९६७ साली एक लहानशी प्रयोगशाळा सुरू झाली. १९७२ साली तिचे साळ प्रक्रिया संशोधन केंद्र बनले. येथे दाबाखाली उकडण्याची रीत सिद्ध झाली. सुमारे ८५ ते ९० अंशांच्या पाण्यात साधारण चाळीस मिनिटे भिजवून पुढे दाबाखाली सुमारे अठरा मिनिटे वाफ दिली की सारे काम तास-दीड तासात आटोपते. दाण्यास किंचित पिवळी छटा येते, एवढी किंमत मोजावी लागते. कापणीची ओली साळ नासण्यापूर्वीच उकडून टाकता येणे, हा मोठा लाभ त्याबदल्यात पदरी पडतो. हेच केंद्र वाढत जाऊन आज तंजावर येथे राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था या नावाने कार्य करीत आहे. २०२१ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

येथे वेगाने प्रत बिघडविली नाही, उलट राखली. याचे कारण असे, की संशोधकांनी नुसती घाई केली नाही. कोणता वेळ वाया जातो आणि कोणता वेळ दाण्यास खरोखर हवा असतो, हे त्यांनी प्रथम ओळखले.

निष्कर्ष

घरातील वादाचा निवाडाही याच कसोटीवर करता येईल. शिजलेले अन्न गरम करणे, थोडी भाजी थोड्या पाण्यात वाफविणे, दूध वा पाणी पेलाभर तापविणे यांत वेळ उष्णता पोहोचण्यातच जातो. तेथे सूक्ष्मतरंग भट्टी वापरावी. तांदूळ, डाळ, कडधान्ये यांत वेळ मुरण्याचा व पालट घडण्याचा असतो. तेथे आधी भिजविणे आणि दाबपात्र हेच खरे साहाय्यक. भाजणे, तळणे, फोडणी यांस तवा व कढई हवी. आणि 'चुलीवरची चव' म्हणून लाकडाच्या धुराचा गौरव करताना तो धूर कोणाच्या डोळ्यांत व फुप्फुसांत जातो, याचा विसर पडू नये. त्या चवीची किंमत पिढ्यान् पिढ्या रांधणाऱ्या स्त्रियांनी मोजली आहे. चवीस हवी ती प्रखर आच; ती निर्धूर शेगडीवरही मिळते.

प्रयोग व प्रश्न

१. शिक्षकांच्या देखरेखीखाली भट्टीतील फिरती तबकडी काढून ठेवा. चॉकलेटची सपाट लांब वडी चिनी मातीच्या बशीत ठेवून वीस सेकंद तापवा. वितळलेल्या दोन लगतच्या ठिपक्यांमधील अंतर मोजा. ते साधारण सहा सेंटिमीटर भरेल. ही तरंगलांबीच्या निम्मी लांबी होय. तिची दुप्पट करून सेकंदाच्या कंपनसंख्येने गुणा. येणारे उत्तर निसर्गातील कोणत्या प्रसिद्ध वेगाच्या जवळ येते?

२. सारखे तांदूळ दोन वाट्यांत घ्या. एक वाटी अर्धा तास भिजवा, दुसरी कोरडीच ठेवा. दोन्ही एकाच वेळी शिजवावयास ठेवून शिते शिजण्याचा वेळ नोंदवा. तिन्हींपैकी कोणता वेळ वाचला?

३. तुमच्या घरी काल झालेल्या चार पदार्थांची नावे लिहा. प्रत्येकात सर्वांत अधिक वेळ कशात गेला : उष्णता पोहोचण्यात, पाणी मुरण्यात, की पालट घडण्यात?